आईच्या हातचं मलम

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. पद्धत आहे म्हणून लिहिले. आज ते मनापासून निघत नाहीत, हे आधीच सांगते.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी ओरडते, तू रडतेस आणि शेवटी मीच तुझी समजूत काढत बसते. या वेळी मला कोणाची समजूत काढायची नाही.

आईच्या मलमाच्या दोन्ही डब्या संपल्या आणि आठवड्याच्या आत मनीचे गाल लाल झाले, हे मी तुला महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. तू म्हणालीस हवा बदलली असेल. हवा सगळ्यांचीच बदलली, चेहरा एकट्या माझ्या लेकीचा सोलून निघाला. पापण्या सुजल्यात, हनुवटीवर पुरळ आहे, साधं पाणी लागलं तरी चरचरतं. हसली की ओठांच्या कडेला कातडी फाटते, म्हणून हसत नाही. तशीही हसण्यासारखी तिला आता जागा राहिलेली नाही.

चष्म्याच्या दुकानातली तिची नोकरी तुला माहीत आहे. लोकांच्या नाकावर चष्मा बसवून बघायचा, म्हणजे आपलं तोंड त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर. एका बाईंनी तिला विचारलं की हे लागण होणारं आहे का. दुसऱ्या दिवशी मालकांनी तिला मागच्या खोलीत काचा पुसायला बसवलं. गोड बोलूनच बसवलं, पण बसवलं. ती दुपारच्या आत घरी आली आणि त्याला आज बारा दिवस झाले. मार्चअखेरपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणालेत. पहिली नोकरी, चार महिन्यांची.

गेल्या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. काय लावता विचारल्यावर मी मोठ्या दिमाखात रिकामी डबी टेबलावर ठेवली. माझ्या आईच्या हातचं म्हटलं, बदामाचं तेल, मधमाशीचं मेण आणि गुलाबपाणी, बस्स, मनी मुरमांवर लावायची. त्यांनी विचारलं, मुरमं किती दिवसांत गेली होती. तीन दिवसांत, असं मी बक्षीस मिळाल्यासारखं सांगितलं. ते म्हणाले की तेलामेणानं तीन दिवसांत मुरमं जात नाहीत. डबीच्या तळाशी जे चिकटलं होतं ते त्यांनी तपासायला पाठवलं.

उत्तर काल आलं. त्यात स्टेरॉइडचं मलम आहे, चांगलं जालीम. खाजेवर, जाड कातडीवर, तेही मोजके दिवस लावायचं. माझ्या मुलीनं ते चार महिने तोंडाला चोळलं. कातडीला त्याची सवय लागली आणि ते बंद झाल्यावर ती अशी पेटली. बरं होईल म्हणतात, पण महिने लागतील. गालांवर ज्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्यात त्या जातील की नाही, हे ते आत्ता सांगत नाहीत.

आई बाजारातली ट्यूब हातातसुद्धा धरत नाही. घरात तुम्ही दोघीच. मग राहिलं कोण, हे काढायला मला प्रयोगशाळा नको. काय घातलंस, कधीपासून आणि कोणाला विचारून, तेवढं लिही.

लोभ आहे की नाही, ते तुझं उत्तर वाचून ठरवेन.

ताई

*

११ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र आईच्या हातात पडता पडता राहिलं. मोरीत नळ सोडून उभ्यानं वाचलं.

हो, मीच घातलं. आता कसं घातलं तेही ऐक, कारण तुला निकाल तेवढा कळलाय.

दोन वर्षांपूर्वी आईच्या नडग्यांना आणि पाठीला खाज सुटली होती. तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, तिला नीट समजावून सांग. दुरून डोंगर साजरे, ताई. ती फणीच्या दांड्यानं पाठ खरवडायची. चादरींवर रक्ताचे डाग पडायचे आणि ते मी धुवायचे. डॉक्टरांनी ट्यूब दिली, पंधरा दिवस लावा म्हणाले. आईनं ती त्यांच्याच जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाली, बाजारातली औषधं म्हणजे आपल्या अंगावर दुसऱ्यांचे प्रयोग. मी स्वतः घोटलेलं नसेल ते मी लावणार नाही.

मग मी तिच्या घोटण्यातच ते घातलं. तुला आठवतंच कसं करतो ते. तेल आणि मेण गरम पाण्यात ठेवलेल्या पातेल्यात वितळवायचं, थेंब थेंब गुलाबपाणी सोडत रवीनं घोटायचं, पांढरं होईपर्यंत हात थांबवायचा नाही. आईचे हात आता अर्ध्यातच भरून येतात. ती भिंतीला टेकून डोळे मिटते आणि रवी माझ्याकडे येते. तेवढ्यात मी गुपचूप नवी आणलेली तीच ट्यूब पिळली. चौथ्या दिवशी खाज गेली. दुपारी ती घोरत पडली होती आणि मी शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

पंधरा दिवसांनी थांबणार होते, थांबलेही. आठवड्यात खाज दुप्पट जोरानं परत आली. डॉक्टरांना विचारायचं तर काय केलंय ते सांगावं लागलं असतं. मी पुन्हा पिळली, आणि मग पिळतच राहिले. इकडे आई जिन्यात भेटेल तिला सांगत सुटली की माझ्या मलमानं माझी पाठ बरी झाली. बायका डब्या मागायला लागल्या. पातेलं एकच. आई समोर बसलेली, चमचाही तिच्या नजरेतून सुटत नाही. तिच्यापुरतं वेगळं कसं काढणार होते? एका पातेल्यातून सगळ्यांच्या डब्या भरल्या.

आता तुझ्याबद्दल. डबीवर जे चिकटवलंय, 'आईच्या हातचं मलम, शंभर टक्के घरगुती, रसायनाचा लवलेश नाही', ते कोणाचं? तुझ्या छापखान्यातून दोनशे चिठ्ठ्या तू पाठवल्यास, कोणी मागितल्या नसताना. मुद्रितं तपासणाऱ्या बाईनं ऱ्हस्वदीर्घ तपासलं, आत काय आहे ते विचारलं नाही.

आणि सप्टेंबरात आली होतीस तेव्हा मी दोनदा म्हटलं होतं, मनीला हे नको, हे म्हाताऱ्या कोरड्या कातडीचं आहे. तू म्हणालीस की आईचं चांगलं ते मी परक्यांना वाटते आणि तुझ्या लेकीच्या वेळी हात आखडते. मी आत केसांचं तेल गाळत होते तेवढ्यात तू फळीवरच्या दोन डब्या पिशवीत टाकल्यास. हे तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही.

आई तिथेच बसली होती म्हणून मी खरं बोलले नाही. ते माझं पाप आहे आणि ते मी कोणावर ढकलत नाही. पण सगळंच माझ्या पदरात बांधू नकोस. नऊ वर्षं आई माझ्याकडे आहे. तू वर्षातून दोनदा येतेस, तिची वेणी घालतेस आणि लाडकी होऊन परत जातेस.

मनीला काय सांगू ते सुचत नाही. लहानपणी तिचे केस मी धुवायचे, डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरायचे. तिला माझं नावही आवडेनासं झालं असेल.

राग आहेच, तरी उत्तर टाकावंस.

धाकटी

*

१६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद.

डब्या मी उचलल्या, खरं आहे. पत्रात लिहिलं नाही, कारण लिहायची लाज वाटली. चिठ्ठ्याही माझ्याच. छापखान्यात सगळ्यांना दाखवत फिरले होते. तुझं पत्र वाचून पहिल्यांदा चोराच्या उलट्या बोंबा म्हणाले, दुसऱ्यांदा वाचलं आणि ते शब्द मागे घेतले. एवढं पुरे. याहून जास्त कबुली माझ्याकडून निघणार नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

पण राग गेलेला नाही. आईला फसवून बरं केलंस हे एक वेळ समजते. त्या डब्या दारोदार जाऊ दिल्यास, ते समजत नाही. दोन वर्षांत एकदाही तुला टोचणी लागली नाही का? वरच्या मजल्यावरची बाळंतीण आपल्या तान्ह्याला लावत असली तर?

आईला सांग. मी सांगणार नाही, कारण मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांग, आणि ज्यांच्या ज्यांच्या घरी डबी आहे त्या सगळ्यांनाही सांग. आमच्या डॉक्टरांनी बजावलंय की कोणी आपल्या मनानं एकदम बंद करू नये, आधी डॉक्टरांना दाखवावं. हे प्रत्येकीला सांगायचं. महिनाअखेरपर्यंत झालं नाही तर मी रजा काढून येईन आणि आले तर बरं होणार नाही.

मनीनं तुझं पत्र वाचलं. ते माझ्या हातात दिलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ताई

*

२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सांगितलं.

आई जास्वंदीचं तेल गाळत बसली होती. मी समोर पाटावर बसले आणि पहिल्या ट्यूबपासून मनीच्या गालांपर्यंत एका दमात सगळं बोलले. मला वाटलं होतं ती गाळणं फेकून मारेल. तिनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत गाळलं, बाटलीला बूच लावलं आणि एकच विचारलं, कोणत्या पातेल्यापासून. मी म्हटलं दोन वर्षांपासून सगळीच. मग तिनं चपला मागितल्या.

ताई, गुडघे धरून चालणारी आपली आई कापडी पिशवी घेऊन तीन मजले चढली. मी मागून चालले तर हात करून दोन पायऱ्या लांब ठेवलं. प्रत्येक दारात तेच सांगत होती, की यात औषध आहे, मला माहीत नव्हतं, पण माझ्या हातून गेलं आहे, डबी परत द्या आणि डॉक्टरांना दाखवा. बाळंतिणीनं बाळाला लावलं नव्हतं, तुझ्या त्या वाक्यानंतर माझा जीव टांगणीला लागला होता. शिंपीणबाईंनी दारातच मला वाट्टेल ते सुनावलं आणि मी ऐकून घेतलं. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई मात्र हसल्या. म्हणाल्या, औषध असो की आणखी काही, गुण येतो ना, मग मी देत नाही. आई म्हणाली ठीक आहे, आणि दारासमोर पायरीवर बसली. जाणारे येणारे चौकशी करायला लागले. तासाभरानं त्यांनी डबी बाहेर आणून ठेवली आणि दार लावून घेतलं. तेवीसपैकी वीस डब्या मिळाल्या. राहिलेल्या तीन बायकांना मी रोज आठवण करते आहे, त्याही देतील.

डॉक्टरांकडे मी एकटीच जाऊन सगळं कबूल केलं. ते जे बोलले ते मला आयुष्यभर पुरेल. मग घरी येऊन त्यांनी आईचे पाय बघितले. नडगीवरची कातडी इतकी पातळ झाली आहे की खाटेची कड लागली तरी जांभळं होतं. त्यांनी आता वेगळं, सौम्य औषध दिलंय, हळूहळू कमी करत न्यायचं. आई ते लावायला तयार नाही. मलमाचं पातेलं तिनं घासून पालथं घातलं आणि सांगून टाकलं की नातीचा चेहरा बरा झाल्याशिवाय मी अंगाला काही लावणार नाही.

खाज परत आली आहे. पाठ बघवत नाही. मी जवळ गेले की फणी लपवते. माझ्याशी बोलत नाही, भिंतीशी बोलते, मी ऐकावं म्हणून. दहा दिवस असंच चाललंय. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळायला तयार नाही. ताई, तू ये किंवा तिला लिही. माझा शब्द या घरात आता चालत नाही आणि तो चालावा असं म्हणायचं तोंडही मला नाही.

तुझी

धाकटी

*

९ मार्च

चि. थोरलीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. चार पानं भरून तू मला औषध लावायला सांगतेस. आपण दोघी किती शहाण्या आहोत ते आधी लिहिते, औषधाचं मग बघू.

धाकटीनं मला फसवलं. का फसवलं, तर मी ऐकत नाही म्हणून. बरोबर आहे, मी ऐकत नाही. तिनं खरं सांगितलं असतं तर मी ती ट्यूब लावली असती का? नसती लावली. खाजवत बसले असते. पण ती माझी खाज होती. ती ठेवायची की घालवायची हे माझं मी बघितलं असतं. लहान मुलाला गुळातून कडू द्यावं तसं मला दिलं, आणि मी वेडी जिनाभर सांगत फिरले की बघा माझ्या हाताचा गुण. लोक मनात हसले नसतील, कारण त्यांनाही ठाऊक नव्हतं. आता हसत असतील.

तू तर माझं नाव छापलंस. आईच्या हातचं. मला विचारलं होतंस? मी जन्मभर तेलं उकळली, मलमं घोटली, साबण केले, ते घरातल्यांसाठी. दुकान मांडायचं माझ्या मनात कधी नव्हतं. चिठ्ठ्या आल्या तेव्हा मला बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही. तोच माझा गुन्हा. बरं वाटलं नसतं तर डबी उघडून एकदा नीट हुंगली असती. माझ्या मलमाचा वास मी डोळे मिटून ओळखते. या दोन वर्षांत वास बदलला होता आणि मला तो कळला होता. गुलाबपाणी हलकं आलं असेल म्हणून मी सोडून दिलं, कारण पाठ बरी होती आणि चार जणी दारात उभ्या होत्या.

धाकटीवर मी रागावले आहे आणि रागावणार आहे. पण तू तिला जास्त बोलू नकोस. माझ्या चादरी तिनं धुतल्यात, तू नाहीस. हे लिहिताना मला तुझाही राग येतो आहे, माझाही येतो आहे, एका वेळी किती जणींचा धरावा ते कळेना.

औषधाचं म्हणशील तर नाही. पोरीचं तोंड जोवर भाजतंय तोवर माझी पाठही भाजू दे. मनीला हे काही सांगू नकोस. तिला दोन ओळी लिहायला तीनदा बसले, हात उठला नाही. तिला म्हणावं, आजीला लिहिता येत नाही.

सर्वांनी तब्येतीस जपावं.

आई

*

१५ मार्च

ती. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

आईनं मला काही सांगितलं नाही. तुझं पत्र मी तिच्या पर्समधून काढून वाचलं. या घरात सगळ्याच जणी एकमेकींपासून लपवतात, मग मी तरी मागे का राहू?

मला तुम्हा तिघींचा फार राग आला आहे. मावशीनं घातलं, आईनं उचललं, तू वास ओळखून गप्प बसलीस. तिघींनी पत्रांवर पत्रं लिहिली आणि प्रत्येकात माझा चेहरा आहे. कोण किती चुकलं, कोणी किती चादरी धुतल्या, सगळं लिहिलंत. मनी, तुला कसं वाटतंय, हे एकीनंही मला लिहून विचारलं नाही. मावशीला लाज वाटते, तुझा हात उठत नाही आणि आई माझ्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत जाते.

तर न विचारता सांगते. दुखतं. सकाळी जास्त दुखतं. डॉक्टरांच्या औषधानं पापण्यांची सूज उतरली आहे, गाल अजून तसेच आहेत. सोमवारपासून मी दुकानात जायला लागले. मालक मागच्या खोलीकडे बोट दाखवायला लागले तेव्हा मी काउंटरवरच उभी राहिले आणि म्हटलं की हे औषधानं झालंय, लागत नाही, कोणी विचारलं तर मी सांगेन. दिवसभरात पाच जणांनी विचारलं, पाचांना सांगितलं. एक बाई चष्मा न घेता गेल्या. बाकीच्यांनी घेतले. घरी येऊन खूप रडले, पण मंगळवारी परत गेले.

आणि तू काय केलंस? पाठ सोलून घेतलीस, माझ्यासाठी म्हणून. आजी, तुझी पाठ रक्ताळली म्हणून माझा एक गालसुद्धा बरा होणार नाही. उलट आता सकाळी उठल्यावर माझं तोंड जळतं आणि वर हेही आठवतं की तिकडे तुझी पाठ माझ्यापायी जळते आहे. मलम मी तुझं मागितलं नव्हतं आणि हा नवसही मागितला नाही. मावशीनं तुला न विचारता तुझ्या अंगाला काहीतरी लावलं म्हणून तू रागावलीस ना? मग मला न विचारता हे ओझं माझ्या अंगावर का टाकलंस?

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येते आहे. एकटी येणार आहे, आईला सांगूनच येईन. डॉक्टरांनी तुला दिलेलं औषध मी माझ्या हातानं तुझ्या पाठीला लावणार आहे. आधी ट्यूबवरचं नाव तू मोठ्यानं वाचायचं, काय आहे, किती लावायचं, किती दिवस, सगळं. मग हो म्हण किंवा नाही म्हण. नाही म्हणालीस तर तुझी पाठ तुझी, मी जबरदस्ती करणार नाही, रविवारी परत येईन. पण नाही म्हणायचं असेल तर माझ्याकडे बघून म्हण.

तोंडाला ओढणी गुंडाळून येणार नाही. मावशीला दार उघडू देऊ नकोस, तू उघड.

तुझ्यावर रागावलेली,

मनी